पहिलं पोर कुणाचं

गुलचा, २० एप्रिल १९८४

सूनबाई,

आम्ही इथे ठीक. बर्फ वितळलं, मेंढ्या व्याल्या, म्हाताऱ्याचा खोकला गेला. तुम्ही चौघंही ठीक असाल असं धरून चालते, कारण काही बिघडलं की मगच तुम्हाला पत्र लिहायची आठवण होते.

मुद्द्याचं लिहिते. बेगाइम आता धरून उभी राहायला लागली असेल. म्हणजे पहिलं पाऊल टाकण्याआधी तिच्या पायांना दोरी बांधून ती कापायची रीत करायची वेळ झाली. ती दोरी आपल्या अंगणात, चार माणसांसमोर कापली जाईल. आणि तिलेकला तीन वर्षं पूर्ण झाली. पहिलं पोर आजी-आजोबांचं, ही आपल्यातली रीत तुला लग्नाआधी ठाऊक होती. नसेल, तर तुझ्या आईने तुला काय शिकवलं देव जाणे! दूध सुटू दे म्हणालीस, थांबलो. दात येऊ देत म्हणालीस, थांबलो. दुसरं होऊ दे म्हणालीस, तेही झालं. आता आणून सोड.

लांबचा रस्ता, लहान मुलं, हे रडगाणं पुन्हा गाऊ नकोस. आता दाराशी मोटार आहे ना? का ती फक्त पुसायला घेतली? मी तीन पोरं एका बैलावर लादून डोंगरावरच्या कुरणात गेलेय. एक पुढे, एक मागे, एक पाठीला. वरून गारा. माझ्या पोरांना उलटी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

पाळणा बरोबर घे. बेगाइमला त्यात आवळून बांध, म्हणजे दोन दिवस हूं की चूं करणार नाही. तिलेकच्या तोंडात वाळल्या दह्याची खारट गोळी ठेव, पोट ढवळत नाही. धाकटीला मेंढीच्या शेपटीची चरबी चोखायला दे. झालं. एवढंच असतं ते. यावर पुस्तकं छापणारे कोण ते मला एकदा बघायचेत.

म्हाताऱ्याने तिलेकसाठी लाकडी खोगीर केलंय. रोज तेल लावतो त्याला.

उलकान


फ्रुंझे, ६ मे १९८४

आई,

पत्र पोचलं. वाचून आनंद झाला, विशेषतः माझ्या आईबद्दलचं वाक्य. ती तुम्हाला सलाम सांगते.

तुमच्या बैलाबद्दल मला आदर आहे. पण फ्रुंझेपासून गुलच्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर आहेत, मध्ये दोन खिंडी आहेत आणि एका खिंडीत अंधारा बोगदा आहे. तिलेक बाजारापर्यंतच्या बसमध्येसुद्धा ओकतो. मागच्या आठवड्यात एका बाईच्या नव्या टोपीत ओकला. मी बालवाडीत तीस पोरं सांभाळते, आई. लहान मुलाला दोन तासांपेक्षा जास्त बसवून ठेवलं की ते मूल राहत नाही, भूत होतं. हे पुस्तकात वाचलेलं नाही, अंगावर घेतलेलं आहे.

तेव्हा मी ठरवलंय की बेगाइमची दोरी इथेच कापावी. शेजारच्या बाई समंजस आहेत, त्या कापतील.

तिलेकचं नाव सप्टेंबरपासून माझ्याच बालवाडीत घातलंय. तिथे त्याला मित्र आहेत. खोगिराबद्दल बाबांचे आभार. सुट्टीत कधी आलो तर बसेल त्यावर, आणि परत येईल.

तुमचा मुलगा कुबात बरा आहे. या विषयावर त्याला विचारलं तर तो मोटारीखाली जाऊन आडवा होतो आणि काहीतरी गळतंय म्हणतो. सात वेळा विचारलं. सातही वेळा गळत होतं.

सादात


गुलचा, १७ मे १९८४

शेजारीण कापणार! कोण ही शेजारीण? दोरी कापणाऱ्या बाईचे गुण पोरीत उतरतात, एवढं तरी बालवाडीत शिकवतात का? दोन खोल्यांच्या घरात राहणारी, डब्यातलं दूध पिणारी कुणी बाई माझ्या नातीची दोरी कापणार असेल, तर मग पोरीने चालायला तरी कशाला शिकायचं? बसून राहा म्हणावं.

आणि पोर टोपीत ओकलं म्हणून रडतेस? ओकतं ते पोर असतं. ओकत नाही ते पोतं.

मी कुबातला वेगळं लिहिलंय. १० जूनला निघा. वाटेतल्या सगळ्यांना कळवलंय.

उलकान


फ्रुंझे, २ जून १९८४

आई,

आम्ही १० जूनला निघतो आहोत. तुमचा मुलगा मोटारीखालून बाहेर आला आणि म्हणाला, जायचंच. बेगाइमची दोरी तुम्हीच कापा, माझी हरकत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट लिहिते, म्हणजे नंतर कुणी कुणाला खोटं पाडायला नको. तिलेक आमच्याबरोबर येईल आणि आमच्याबरोबर परत जाईल. कुबातने भाकरीवर हात ठेवून मला तसा शब्द दिलाय.

प्रवासाचं मी ठरवलंय ते असं. पहाटे पाचला निघायचं, मुलं अर्धवट झोपेत असताना. दर दीड तासाला थांबायचं आणि तिलेकला मोकळं पळू द्यायचं, बेगाइमला रांगू द्यायचं. खायला सुकी बिस्किटं, उकडलेला बटाटा, पाणी. चरबी नाही, मांस नाही, घोडीचं आंबवलेलं दूध तर नाहीच. प्रत्येक तासाला पिशवीतून एक नवं खेळणं काढायचं. सगळी एकदम दाखवायची नाहीत. पहिला मुक्काम तोक्तोगुलच्या खानावळीत. कुणाही नातेवाइकाकडे नाही. नातेवाइकांना "कळवलंय" म्हणालात, त्यांना कृपा करून पुन्हा कळवा, की आम्ही थांबणार नाही.

पाळणा आणते. तुमचा मान राखायला. तो मोटारीत मावत नाही हे तुम्हाला इथून पटवणं मला जमणार नाही.

सादात


फ्रुंझे, १२ जुलै १९८४

आई,

या पत्राला तुम्ही उत्तर द्याल की नाही, ठाऊक नाही. पण तुमच्या अंगणात चार माणसांसमोर मला बोलता आलं नाही. सून होते ना. आता मध्ये दोन खिंडी आहेत, तर सगळं बोलते. आधी जातानाचं.

पाळणा मागच्या सीटवर आडवाच बसला. त्याच्या कमानीखाली मी वाकून बसले आणि तिलेक माझ्या मांडीवर. तुमच्या म्हणण्याप्रमाणे बेगाइमला बांधलं. वळणांवर पाळणा आपोआप झुलतो, हे खरं. पण पाळण्याखालचं मुताचं मडकंही झुलतं, हे तुमच्या बैलाला कधी कळलं नसेल. खिंड चढताना तिसऱ्या वळणावर ते उलटलं, थेट कुबातच्या समारंभाच्या कोटावर. त्याने गाडी थांबवली नाही. तो गात होता. बायकोची पाठ मोडली, पोर ओकतंय, कोट भिजलाय आणि हा घोड्यावरून लग्नाला निघाल्यासारखा गातोय! तेव्हाच मला समजायला हवं होतं. ज्याच्या पोटात काही लपवलेलं असतं, तोच एवढं मोठ्याने गातो.

आणि तुमचे नातेवाईक! मी नको म्हटलं होतं. कारा-बाल्ताची आत्या रस्त्याच्या मधोमध पिंप आडवं टाकून त्यावर बसली होती. "भाकरी न मोडता माझ्या दारावरून जाल?" म्हणे. तिथे मेंढी कापलेली. तोक्तोगुलचे मामा पुलावर घोडा आडवा घालून उभे. तिथेही मेंढी. ताश-कोमुरला तर दोन चुलतभाऊ आमच्यावरून भांडले, तेव्हा एकाच दिवशी दोन घरी जेवलो. दोन दिवसांच्या रस्त्याला पाच दिवस लागले. माझा बटाटा पिशवीत नासला. मी पाठ वळवली की कुणीतरी तिलेकच्या तोंडात चरबी कोंबायचं, "पोर किती वाळलंय, ही शहरातली बाई याला कागद खायला घालते की काय" म्हणायचं, आणि पुढच्या वळणावर ती चरबी माझ्या मांडीवर यायची. खारट गोळी त्याने खाल्ली नाही. खिडकीच्या खाचेत घातली. काच अजून वर जात नाही.

हे सगळं मी विसरले असते. बायका हसून सांगतात असल्या गोष्टी. मीही सांगितल्या असत्या.

बेगाइमची दोरी तुम्ही कापलीत. ती तीन पावलं चालली, सगळ्यांनी आरोळी दिली, मीसुद्धा. तुमच्याकडे बघून मला क्षणभर वाटलं, बाई तोंडाने वाईट आहे, मनाने नाही. किती मूर्ख होते मी!

दहाव्या दिवशी सकाळी उठले तर तिलेक अंथरुणात नव्हता. "म्हाताऱ्याबरोबर कुरणात गेलाय, खोगिरावर बसून, हसत गेला," असं तुम्ही म्हणालात आणि चहा ओतत राहिलात. मी कुबातकडे पाहिलं. तो मोटारीखाली होता. तिलेकच्या कपड्यांची पिशवी त्याने आदल्या संध्याकाळीच काढून तुमच्या कपाटात ठेवली होती. भाकरीवर हात ठेवून शब्द देणारा माणूस!

मी कुरणाकडे चालत निघाले, तुम्हाला आठवत असेल. तीन तास चालले. वाट फुटली तिथे कुठे वळायचं ते एकही गुराखी सांगेना. सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही सगळ्यांना कळवलं होतं.

परतीचा प्रवास उत्तम झाला. दोन दिवसांत पोचलो. कुणी ओकलं नाही. पाळणा डिकीत उभा मावला. मागच्या सीटवर पाय पसरायला भरपूर जागा होती.

कुबात बाहेरच्या खोलीत झोपतो. मी त्याच्याशी बोलत नाही. बोलण्यासारखं त्याच्यात काही आहे असं मला वाटत नाही.

माझं मूल परत पाठवा.

सादात


गुलचा, २५ जुलै १९८४

सूनबाई,

लांबलचक पत्र आलं. शाई स्वस्त झालेली दिसते तिकडे.

तुझं मूल! ते मूल आमच्या वंशाचं आहे. त्याला कुणी तळ्यात फेकलं का? आजोबा आहे, घोडा आहे, गाईचं दूध आहे. इथे आल्यापासून एकदाही ओकला नाही. तिकडे त्याला काय खायला घालत होतीस ते आता कळलं. तुझ्या मांडीवर दुसरं आहे, तिसरं होईल. गळा काढतेस जशी काही जगात तूच पहिली!

ऐक आता, कारण हे मी पुन्हा लिहिणार नाही. नवी सून म्हणून आलीस, तेव्हा कुबातने मला हाक मारली आणि तू पदराआड हसलीस. आठवतं? तो मला "वहिनी" म्हणाला म्हणून हसलीस. एकतीस वर्षांचा झाला, अजून वहिनीच म्हणतो. का म्हणतो, विचारलंस कधी? त्याला माझ्या सासूने वाढवलं. तिला तो आई म्हणायचा, तिच्या मुलाला, म्हणजे स्वतःच्या बापाला, दादा. मग मी कोण? दादाची बायको.

चाळिसावा दिवस होता. सासूने त्याला माझ्या हातातून घेतलं आणि पलीकडच्या तंबूत नेलं. पंधरा पावलांवर. मी एकोणीस वर्षांची. त्याचं रडणं ऐकू यायचं आणि माझी चोळी भिजायची. दूध दगडावर पिळून टाकायचे. सासू म्हणाली, "रडू नकोस. तुझा नातू आला की तुझी पाळी येईल. मग कळेल याची गोडी." तेवढ्यावर मी दिवस काढले. बैलावर तीन पोरं लादली म्हणून मिरवते ना मी? चौथं, माझं पहिलं, पुढच्या घोड्यावर सासूच्या मांडीवर होतं. मला त्याच्याकडे बघायचीसुद्धा लाज वाटायची, लोक काय म्हणतील म्हणून.

आता माझी पाळी आली. तीस वर्षं वाट पाहिली, तुझ्या तीन तासांच्या चालण्याने ती चुकणार नाही. तिलेक मला आई म्हणायला शिकतोय. हिवाळ्याआधी एकदा या. पाहुणे म्हणून.

उलकान


फ्रुंझे, १० ऑगस्ट १९८४

आई,

मी हसले होते. ते वाईट झालं. त्याची माफी मागते, मनापासून.

पण आता दुसरं ऐका. मला वाटत होतं, या बाईला कळत नाही. अडाणी आहे, रीत म्हणजे रीत, असं चाललंय. तुमच्या पत्राने तो गैरसमज गेला. तुम्हाला सगळं कळतं. चोळी भिजते म्हणजे काय ते जगात कुणाहीपेक्षा जास्त तुम्हाला कळतं. तरी तुम्ही चहा ओतत राहिलात.

तुमच्या सासूपुढे उभं राहायची तुमची छाती झाली नाही. पंधरा पावलं होती, आई. मध्ये खिंड नव्हती, बोगदा नव्हता. पंधरा पावलं चालून जाऊन तुम्ही तुमचं पोर उचललं नाहीत. आणि आता ती बाई मेली, तिला कुणी जाब विचारू शकत नाही, म्हणून तुम्ही तो हिशेब माझ्याकडून वसूल करताय. याला रीत म्हणतात होय? माझ्या बालवाडीतली पोरंही असंच करतात. मोठ्याकडून मार खाल्ला की धाकट्याला चिमटा काढतात. त्यांना मी कोपऱ्यात उभं करते. तुम्हाला कुठे उभं करू?

मी पाहुणी म्हणून येणार नाही. मला एकच विचारायचंय, आणि आयुष्यात एकदा खरं लिहा. तो माझ्याबद्दल विचारतो का?

सादात


तोक्तोगुल, ६ सप्टेंबर १९८४

सादात,

हे टपालात टाकणार नाही. परवा तुझ्या हातात देईन, कारण हे माझ्या तोंडातून निघणार नाही, आणि निघालं तर शिव्यांसकट निघेल. मामाच्या ओट्यावर बसून लिहितेय. जनावरांच्या डॉक्टरच्या जीपचं चाक बसलंय, तो खाली खटपट करतोय. पुरुषाला मोटार दिली की त्याला तिच्याखालीच जास्त गोडी.

तू विचारलंस, तो तुझ्याबद्दल विचारतो का. नाही. पहिले दहा दिवस रोज संध्याकाळी विचारायचा. मग थांबला. मी म्हाताऱ्याला म्हटलं, "बघ, विसरला." मेंढीसुद्धा हरवलेलं कोकरू तीन दिवसांत विसरते, म्हटलं. तुझं पत्र आलं तेव्हा तेच उत्तर लिहायला बसले होते. कागदही काढला होता.

तेवढ्यात मीठ घेऊन येणारा ट्रक आला. थोड्या वेळाने ड्रायव्हर ओरडला, "हे कुणाचं पोर?" जाऊन बघते तर तिलेक ट्रकमध्ये चढून बसलेला. गुडघ्यावर हात, समोर नजर. मी म्हटलं, "उतर रे, कुठे निघालास?" उचलून आणला. दुसऱ्या आठवड्यात गावाच्या सामुदायिक शेतीच्या अध्यक्षाची मोटार आली. पुन्हा तेच. मग डॉक्टरची जीप. गावात कुठलीही गाडी थांबली की हा जाऊन मागे बसतो. रडत नाही, हट्ट करत नाही. बसतो आणि वाट बघतो. मोटारीला भिणारं, टोपीत ओकणारं पोर! डॉक्टरने त्याला काढायला हात घातला तर त्याने सीट अशी धरली की बोटं एकेक करून सोडवावी लागली.

म्हातारा म्हणाला, "सवय होईल." तेच शब्द माझी सासू बोलायची. कुबातचं कसं चाललंय विचारलं की म्हणायची, "छान आहे, सवय झाली." मी कधी जाऊन पाहिलं नाही, तो कुठे जाऊन बसायचा ते. पंधरा पावलं. तू लिहिलंस ते वाचून कागद चुलीत टाकला मी, आणि तुला असल्या शिव्या दिल्या की कोंबड्या पळाल्या. पण खोटं काय होतं त्यात?

डॉक्टर फ्रुंझेला बैठकीला निघाला होता. मी म्हटलं, मागे दोघं बसतील. म्हातारा तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. निघताना खोगीर जीपमध्ये टाकायला निघाला, मी टाकू दिलं नाही. जागा कुठे होती?

आता प्रवासाचं. हसू नकोस. उझ्गेनपर्यंत तो पुतळ्यासारखा बसला. मी म्हटलं, बघा, शिकवलेलं पोर! मग ताश-कोमुरच्या वळणांवर माझ्या मखमली जाकिटावर ओकला. मी दुसरं काढलं, त्यावर ओकला. खारट गोळी दिली, ती डॉक्टरच्या मानेवर बसली. ताश-कोमुरचे दोघे पुन्हा रस्त्यात उभे होते मेंढीचं डोकं घेऊन. मी खिडकीतून त्यांना असं सुनावलं की दोघे पहिल्यांदाच एकमेकांना धरून उभे राहिले. तासातासाला थांबलो. बटाटा उकडून घेतला. यावरून तुझी पुस्तकं खरी ठरली असं समजू नकोस. बटाटा मलाही ठाऊक होता.

आणि तोक्तोगुलच्या तळ्याजवळ आल्यावर त्याने विचारलं, "ही गाडी माझ्या आईकडे जाते?" मी हो म्हटलं. तेव्हा जो रडायला लागला, सादात, तो काल दुपारपासून थांबलेला नाही. अडीच महिन्यांत टिपूस काढलं नव्हतं, ते सगळं आत्ता काढतोय. डॉक्टरने कानात कापूस घातला. मामी म्हणाली, "काहीतरी चोखायला दे." मी म्हटलं, हात लावून बघ. रडू दे त्याला. माझ्या कानांना पूर्वीची सवय आहे, पण तेव्हा मला उचलून घेता येत नव्हतं. आता तो मांडीवर आहे आणि मी एका हाताने लिहितेय, म्हणून अक्षर असं आलंय.

तुझ्या पत्राने मी हलले असं मुळीच समजू नकोस. तुझं तोंड फार सुटलंय आणि कुबातला तू बाहेर झोपवतेस ते मला पसंत नाही. निदान दाराच्या आत तरी घे. वाढवलेला दुसरीने आहे, चूक त्याच्यात कुठून आली ते आता तुला ठाऊक आहे.

मी वर येणार नाही. चहा ओतू नकोस. जीप खाली उभी राहील, तू खाली ये. माझं पोर असं कुणी दाराशी आणून दिलं असतं, तर आणणारीच्या तोंडावर मी थुंकले असते. तूही थुंक. मी पुसणार नाही. पण आधी त्याला घे.

उलकान